झाडाच्या पाण्याचें मोजमाप

शेतकऱ्याच्या व्यवहारांत बहुतेक वस्तूंस माप आहे. जमीन पूर्वीं साखळीनें मोजीत, आतां यंत्रानें मोजतात. धान्य पायलीनें किंवा क्विंटलानें मोजतात. विहिरीची खोली परसांनीं सांगतात. पिकाची स्थिति पूर्वीं आणेवारीनें व आतां पैसेवारीनें ठरवितात. परंतु बांधावरचें झाड दिवसाकाठीं किती पाणी ओढतें, असें विचारल्यास उत्तर देणारा तोंडास येईल तें सांगतो. एक म्हणतो पांच घागरी, दुसरा म्हणतो शंभर. गांवच्या दप्तरांत झाडांची जात व संख्या लिहिण्यास जागा असते. त्यांच्या पाण्याचा रकाना मात्र आम्हीं कोणत्याहि नमुन्यांत पाहिला नाहीं. हें माप घेतां येतें काय, येत असल्यास कसें, आणि त्यावरून शेतकऱ्यानें काय समजावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्यास एक प्रसंग कारण झाला. आम्ही महसूल खात्यांत कारकून असतां, १९९० नंतरच्या दशकांत, एका खातेदाराचा अर्ज आमच्याकडे आला. शेजाऱ्यानें बांधालगतच्या दोन एकरांत निलगिरी लाविली. तेव्हांपासून आपली विहीर, जी चैत्रापर्यंत पाणी देत असे, ती माघांतच तळ दाखवूं लागली. सबब झाडें तोडण्याचा हुकूम व्हावा, अशी त्याची मागणी होती. पंचनामा झाला. झाडें मोजलीं, विहिरीचें अंतर मोजलें, पाण्याची पातळी मोजली. ज्याच्यावर सगळा वाद, तें झाडांचें पाणी मात्र कोणींहि मोजलें नाहीं. टिपण लिहिण्याचें काम आमच्याकडे होतें. आम्हीं लिहिलें, "झाडांमुळें विहिरीचें पाणी कमी झालें असावें." त्या टिपणाच्या आधारें गांवांत तडजोड झाली, आणि झाडें कोंवळ्या वयांतच मिळेल त्या भावानें विकलीं गेलीं. पुढील वर्षीं पाऊस बरा झाला, तरी विहीर माघांतच आटली. दोन्ही घरांचें येणें-जाणें तुटलें तें तुटलेंच. आपल्या हातून लिहिल्या गेलेल्या त्या 'असावें' या शब्दाची टोचणी आम्हांस पुष्कळ वर्षें राहिली, व सेवानिवृत्तीनंतर सवड मिळतांच या विषयावर मिळेल तें वाचण्यास आम्हीं आरंभ केला.

पाणी जातें कोठें?

झाड मुळांनीं जें पाणी घेतें, त्यांतील अगदीं थोडा अंश त्याच्या अंगीं राहतो. बाकीचें बहुतेक सर्व पानांच्या वाटे वाफ होऊन हवेंत जातें. पानांवर, विशेषतः त्यांच्या खालच्या अंगास, नुसत्या डोळ्यांस न दिसणारीं असंख्य छिद्रें असतात. त्यांस पर्णरंध्रें म्हणतात. अन्न तयार करण्यासाठीं लागणारा कार्बन डायॉक्साइड वायु झाड या रंध्रांतून आंत घेतें. आणि दार उघडें राहिलें कीं आंतील ओलावा बाहेर जावयाचाच. या क्रियेस बाष्पोच्छ्वास असें नांव आहे.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, पाणी खर्चणें हा झाडाचा दुर्गुण नसून अन्न मिळविण्यासाठीं त्यानें दिलेली ती किंमत आहे. दुसरी ही कीं, हा खर्च ऊन, वारा, हवेचा कोरडेपणा, पानांचा विस्तार व जमिनींतील ओल यांवर अवलंबून असतो. ओल संपत आली कीं झाड रंध्रें मिटून घेतें. म्हणून "अमुक झाड रोज इतके लिटर पितें" हें वाक्य ऋतु, जमीन व झाडाचा आकार सांगितल्यावांचून अपुरें समजावें.

तराजूची रीत

सर्वांत जुनी व समजण्यास सोपी रीत तराजूची. इंग्लंडांत टेडिंग्टन येथें स्टीफन हेल्स नांवाचे एक पाद्री होते. त्यांनीं १७२४ सालच्या उन्हाळ्यांत कुंडींतील सुमारें साडेतीन फूट उंचीचें सूर्यफुलाचें झाड घेतलें, कुंडीचें तोंड शिशाच्या पत्र्यानें बंद केलें, म्हणजे मातींतून वाफ उडूं नये, आणि कुंडी सकाळ-संध्याकाळ तोलिली. वजनांत जी घट येई ती पानांवाटे गेलेल्या पाण्याची. ती दिवसास सरासरी वीस औंस, म्हणजे सुमारें साडेपांचशें ग्रॅम, भरली. हे प्रयोग त्यांनीं १७२७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. आजहि रोपवाटिकेंतील रोपांसाठीं याहून विश्वासू रीत नाहीं.

परंतु आंब्याचें किंवा सागाचें वाढलेलें झाड तराजूंत घालणार कसें? मोठ्या टाकींत झाड वाढवून टाकीसह तोलण्याची सोय कांहीं संशोधनकेंद्रांत असते, पण ती फार खर्चाची. खोड कापून तें तत्काळ पाण्याच्या पात्रांत उभें करावयाचें व पात्रांतील घट मोजावयाची, असाहि प्रयोग करितात. परंतु त्यांत झाडच जातें. फांदीस प्लॅस्टिकची पिशवी बांधून आंत जमलेलें पाणी दाखविण्याचा प्रयोग शाळेंत करितात. त्यानें बाष्पोच्छ्वास डोळ्यांस दिसतो, पण त्याचें माप मिळत नाहीं. कारण पिशवींतील हवा दमट व कोंदट होऊन पानाचें वागणेंच बदलतें. अशा पिशवींतील पाण्यास फांद्यांच्या संख्येनें गुणून झाडाचा खप काढणें चुकीचें आहे.

उष्णतेच्या सुया

उभ्या झाडास न तोडतां त्याचें पाणी मोजण्याची युक्ति निघाली ती उष्णतेच्या साहाय्यानें. १९३२ सालीं जर्मनींतील ब्रुनो हूबर यांनीं खोडास एके ठिकाणीं क्षणभर उष्णता देऊन ती वर चढणाऱ्या रसाबरोबर किती वेळानें पोंचते, हें पाहिलें. पुढें १९८५ सालीं फ्रान्समधील आंद्रे ग्रानिए यांनीं जी सोपी मांडणी सुचविली ती आतां जगभर वापरांत आहे. खोडांत दोन सेंटिमीटर लांबीच्या दोन बारीक सुया एकीखालीं एक, सुमारें दहा सेंटिमीटर अंतरावर, बसवितात. वरच्या सुईस अल्पशी वीज देऊन ती सतत तापती ठेवितात. खालची तशीच असते. रात्रीं रस जवळजवळ थांबतो, तेव्हां वरच्या सुईची उष्णता तेथेंच राहते व दोन सुयांच्या तापमानांतील अंतर सर्वांत मोठें असतें. दिवस उगवून रस चढूं लागला कीं तो जातांना उष्णता नेतो, आणि अंतर कमी होतें. वारा लागतांच ताटांतील भात लवकर निवतो, त्यांतलाच हा प्रकार.

हिशेब असा. रात्रींच्या अंतरांतून त्या वेळचें अंतर वजा करावें व बाकीस त्या वेळच्या अंतरानें भागावें. आलेल्या अंकाचा १.२३१ वा घात काढून त्यास ०.०११९ नें गुणिलें म्हणजे दर सेकंदास दर चौरस सेंटिमीटर लाकडांतून किती घन सेंटिमीटर पाणी चढतें तें निघतें. उदाहरणार्थ, रात्रींचें अंतर १० अंश व दुपारचें ८ अंश धरूं. बाकी २, तिला ८ नें भागिलें असतां ०.२५. त्याचा घात ०.१८१५, व गुणाकार ०.००२१६. तासाचे सेकंद ३६००. म्हणजे तासास सुमारें ७.८ घन सेंटिमीटर.

आतां हें किती लाकडास लावावयाचें, हा मुख्य प्रश्न, आणि येथेंच पुष्कळ जण फसतात. बाभळीचें खोड कापलें तर बाहेरचा भाग फिका व आंतला तांबूस दिसतो. पाणी चढतें तें बाहेरच्या फिक्या लाकडांतून. त्यास रसकाष्ठ म्हणतात. आंतील गाभ्याचें लाकूड झाडास आधार देतें, पण पाणी वाहात नाहीं. समजा, सालीखालीं खोडाची त्रिज्या १४ सेंटिमीटर आहे व रसकाष्ठाची जाडी ४ सेंटिमीटर. तर रसकाष्ठाचें क्षेत्र सुमारें ३०० चौरस सेंटिमीटर येतें, आणि त्या तासाचें पाणी सुमारें २.३ लिटर. कोणी गाभ्यासकट सगळें खोड धरिलें तर क्षेत्र ६१६ चौरस सेंटिमीटर होतें व उत्तर दुपटीहून अधिक येतें. जमिनीच्या मोजणींत पोटखराबा लागवडींत धरावा, तशीच ही चूक आहे.

नारळ-पोफळीच्या खोडांत तर अशी बाहेरची कडी नसतेच. पाण्याच्या नळ्यांचे जुडगे सगळ्या खोडांत विखुरलेले असतात, म्हणून त्यांचा हिशेब निराळा करावा लागतो. शिवाय कांहीं जातींत वरील सूत्र खरा प्रवाह कमी दाखवितें, असें पुढील प्रयोगांत आढळून आलें. यास्तव ज्या जातीचें माप घ्यावयाचें तिच्याच लाकडावर प्रथम पडताळा घेणें अवश्य आहे.

उष्ण प्रदेशांतील झाडांचे आंकडे

पनामा देशांत पनामा शहराच्या हद्दींतील एका राखीव वनांत इमारती बांधण्याची उंच यारी १९९० सालीं उभी करण्यांत आली. तिच्या पाळण्यांत बसून संशोधकांस झाडांच्या शेंड्यांपर्यंत जातां येऊं लागलें. तेथें उष्णतेच्या रीतीनें केलेलीं मापें १९९८ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांत सेक्रोपिया जातीच्या लहान झाडाचा दिवसाचा खप सुमारें ४६ लिटर, तर काजूच्याच कुळांतील एका वृक्षाचा, ज्याच्या खोडाचा व्यास एक मीटरहून किंचित् अधिक होता, सुमारें ३७९ लिटर आढळला. आणखी एक गोष्ट कळली. दिवसाच्या खपापैकीं शेंकडा ९ ते १५ इतकें पाणी खोडांत आधींच सांठविलेलें असतें. सकाळीं झाड प्रथम त्यांतून खर्च करितें व मागाहून भरपाई करून घेतें. म्हणून एका घटकेचें माप घेऊन त्यास दिवसाच्या तासांनीं गुणणें बरोबर नव्हे. माप अहोरात्र चालू ठेवावें लागतें.

त्याच साली ५२ अभ्यासांतील ६७ जातींचे आंकडे एकत्र करून एक समालोचन प्रसिद्ध झालें. त्यांत सर्वांत कमी १० लिटर व सर्वांत अधिक ॲमेझॉनच्या अरण्यांतील एका उंच वृक्षाचा ११८० लिटर, असे दिवसाचे खप नोंदले आहेत. परंतु शेंकडा ९० नोंदी १० ते २०० लिटर यांच्या दरम्यान आहेत, आणि त्या झाडांची सरासरी उंची २१ मीटर आहे. अकराशें लिटरांचा आंकडा ऐकून आपल्या बांधावरील दहा मीटरांच्या झाडास तो लावणें म्हणजे हत्तीचा खुराक शेळीच्या नांवें मांडणें होय.

शेतकऱ्यास खरा उपयोगी हिशेब झाडामागें नसून एकरामागें आहे. कारण पाऊस झाडावर मोजीत नाहींत, जमिनीवर मोजतात. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरास एक लिटर, आणि एकरास सुमारें ४०४७ लिटर, हें कोष्टक पाठ असावें.

कर्नाटकांतील निलगिरीचा निवाडा

आमच्या अर्जांतील वाद ज्या झाडाविषयीं, त्या निलगिरीचेंच माप आपल्या शेजारच्या कर्नाटकांत घेण्यांत आलें आहे. १९८० च्या दशकांत सामाजिक वनीकरणाच्या योगें निलगिरीची लागवड पुष्कळ वाढली व तिजविरुद्ध ओरडहि झाली. तेव्हां इंग्लंडांतील जलविज्ञान संस्थेचे इयन काल्डर व कर्नाटकांतील वन अधिकारी यांनीं मिळून शिवमोग्ग्याच्या भागांत व बंगळुराजवळील होसकोटे येथें अनेक वर्षें मोजमाप चालविलें.

त्यांची एक रीत जड पाण्याची होती. साध्या पाण्यांत जड पाणी अत्यल्प असतें. तें मापून झाडाच्या बुंध्यांत भोकें पाडून सोडावयाचें, व पुढें कांहीं दिवस पानांतून निघणाऱ्या वाफेचें पाणी जमवून त्यांत जड पाण्याचें प्रमाण किती तें तपासावयाचें. येथें पिशवी बांधितात ती फक्त नमुन्यासाठीं, मापासाठीं नव्हे. तत्त्व पाटाच्या उदाहरणानें समजेल. वाहत्या पाटांत मापून मीठ टाकावें व खालीं ठराविक वेळानें पाण्याचा खारटपणा पाहावा. पाट मोठा असेल तर खारटपणा फिका, लहान असेल तर तीव्र. सर्व मीठ वाहून जाईपर्यंत नोंद ठेविली म्हणजे टाकिलेल्या मिठाच्या वजनावरून पाटाचें पाणी काढतां येतें. झाडाच्या खोडांतील पाटाचें माप तसेंच काढिलें.

निष्पन्न काय झालें? मध्यम खोलीच्या जमिनींत, म्हणजे सुमारें तीन मीटर माती असतां, कोंवळ्या निलगिरीचा वार्षिक खप तेथील जुन्या पानगळीच्या जंगलाहून अधिक नव्हता. दोहोंचाहि जवळजवळ पडलेल्या पावसाइतकाच होता. नाचणीच्या पिकाशीं तुलना करितां मात्र तो सुमारें दुप्पट भरला. होसकोटे येथें आठ मीटरांहून खोल मातींत निराळेंच दिसलें. कमी पावसाच्या तीन वर्षांत मिळून २१०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि निलगिरीचा खप हिशेबानें ३४०० मिलिमीटर आला. वरचे १३०० मिलिमीटर कोठून आले? पूर्वींच्या वर्षांची जी ओल खोल मातींत मुरून राहिली होती, तींतून. आपल्या कोष्टकाप्रमाणें एकरामागें हें पाणी सुमारें साडेबावन्न लाख लिटर होतें. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, मुळें भूजलाच्या पातळीपर्यंत जाऊन तेथील पाणी ओढतात, असा पुरावा या जागीं मिळाला नाहीं.

यावरून आमच्या अर्जदाराचें व त्याच्या शेजाऱ्याचें म्हणणें ताडून पाहावें. शेजारी म्हणे, "माझीं झाडें तुझ्या विहिरीस तोंड लावीत नाहींत." तें कर्नाटकच्या मापावरून संभवनीय दिसतें. अर्जदार म्हणे, "झाडें आलीं आणि पाणी गेलें." तेंहि संभवनीय, कारण नाचणीखालून जें पावसाचें पाणी खालीं झिरपून विहिरीकडे गेलें असतें, तें झाडांनीं वाटेंतच घेतलें असेल. आणि झाडें तोडल्यावरहि विहीर कां भरली नाहीं, याचेंहि एक कारण येथें सांपडतें. खोल माती एकदां सुकली कीं पुढचा पाऊस प्रथम तिचें देणें भागवितो; तें फिटल्यावांचून खालीं थेंब उतरत नाहीं. असें असेल तर कुऱ्हाडीनें एका वर्षांत विहीर भरत नाहीं, आणि झाडाचा पैसा मात्र जातो.

तथापि होसकोट्याचा आंकडा उचलून आपल्या शेतास लावूं नये. दख्खनच्या माळावर कित्येक ठिकाणीं हातभर मातीखालीं मुरूम व त्याखालीं काळा पाषाण लागतो. तेथें खोल ओलीचा सांठाच नसतो. उलट नदीकांठच्या गाळाच्या जमिनींत, जेथें भूजल उथळ असतें, तेथें मुळें तेथवर पोंचूंहि शकतात. आमच्या त्या गावीं त्याच वर्षांत विंधन विहिरीहि झाल्या होत्या. त्यांची गणती पंचनाम्यांत नव्हती.

शेतकऱ्यानें घरीं काय मोजावें?

सुया व जड पाणी हीं संशोधकांचीं साधनें झालीं. शेतकऱ्यास पुढील तीन गोष्टी करितां येण्याजोग्या आहेत.

(१) रोपांचा खप. कुंडींतील रोपास पाणी देऊन निथळूं द्यावें, मातीवर प्लॅस्टिक घट्ट बांधावें, आणि कुंडी सकाळीं व दुसऱ्या सकाळीं तोलावी. जितके ग्रॅम घट तितके मिलिलिटर पाणी. निरनिराळ्या जातींचीं सारख्या आकाराचीं रोपें एकाच दिवशीं तोलिल्यास त्यांतील फरक स्पष्ट दिसतो.

(२) फळबागेचें ठिबक. येथें झाड न मोजतां हवेची मागणी मोजतात. समजा, उन्हाळ्यांत बाष्पीभवन पात्रांतून दिवसास ८ मिलिमीटर पाणी उडतें; पात्राचा गुणक ०.७, झाडाचा गुणक, जो जात व अवस्था पाहून कृषी विद्यापीठाच्या शिफारशीवरून घ्यावा, येथें उदाहरणादाखल ०.६ धरूं. झाडाच्या घेराचा व्यास ४ मीटर असल्यास त्याखालील क्षेत्र १२.६ चौरस मीटर. सर्वांचा गुणाकार सुमारें ४२ लिटर. हा अंदाज ओल भरपूर असतांचा आहे. कोरड्या जमिनींत उभें असलेलें झाड इतकें पाणी घेऊं शकत नाहीं. म्हणून पाणी किती द्यावें हें ठरविण्यास तो चांगला. झाडानें किती घेतलें याचा पुरावा म्हणून तो पुढें करूं नये.

(३) विहिरीची नोंद. विहिरीच्या कांठावर एक कायमची खूण करावी. दर पंधरवड्यास, मोटर सुरू करण्यापूर्वीं, खुणेपासून पाण्यापर्यंत फितीनें मोजून वहींत लिहावें. शेजारीं पाऊस लिहावा, व आसपास नवी विंधन विहीर झाल्यास तिची तारीखहि. एकदां खड्डा खणून मातीची खोली पाहून ठेवावी. ही नोंद झाडें लावण्यापूर्वीं निदान दोन पावसाळे असली पाहिजे. वाद उत्पन्न झाल्यावर सुरू केलेल्या नोंदीस मागील आधार नसतो.

शेतकरी बंधूंस आमची विनंती इतकीच कीं, झाड लावतांना व तोडतांना दोन्ही वेळां वही उघडावी. खोल मातीच्या व बेताच्या पावसाच्या जागीं विहिरीच्या वरच्या अंगास दाट लागवड करणाऱ्यानें शेजाऱ्याच्या झिरप्याचा विचार आधीं करावा. आणि ज्याची विहीर आटली त्यानें कुऱ्हाड मागण्यापूर्वीं पाऊस, मातीची खोली व विंधन विहिरी यांचा हिशेब मांडावा. तो अर्ज आज आमच्यापुढें आला, तर आम्ही ह्या तीन गोष्टी विचारूं, आणि त्यांचें उत्तर नसल्यास टिपणांत 'असावें' न लिहितां 'मोजलेलें नाहीं' असें लिहूं.